गळपट्टीचा रंग

मी एक जुना लग आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. त्यात तुमचा दोष नाही, कारण आम्ही लग जन्मभर बंद डबीत राहतो. विजेच्या तारेचं टोक यंत्राला जिथे जोडलेलं असतं, तिथे आम्ही असतो. माझं डोकं म्हणजे तांब्याची चपटी कडी. ती यंत्राच्या खुंटावर बसवतात आणि वरून नट आवळतात. डोक्याखाली नळीसारखा गळा आहे, त्यात तार शिरते. गळ्याभोवती प्लास्टिकची गळपट्टी आहे. माझी गळपट्टी पिवळी आहे. आता ती मळून हळदीच्या जुन्या डागासारखी दिसते, पण पिवळीच आहे. या रंगाचा अर्थ न कळल्यामुळे एका हंगामात पोलादपूरची एक गिरणी तिच्या मालकिणीच्या हातून जायची वेळ आली होती. ती हकिकत मी तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तांब्याच्या पत्र्यातून मला छापून काढलं तेव्हा मी सपाट होतो. मग माझा गळा वळवला आणि अंगावर कथलाची कल्हई चढवली, तुमच्या घरच्या पातेल्यांना करतात तशीच. शेवटी मेजाशी बसलेल्या एका तपासनीस बाईंनी मला उचललं. त्यांच्याजवळ दोन पोलादी काड्या होत्या. बारीक काडी गळ्यात सहज जायला हवी आणि जाड काडी अडायला हवी. दोन्ही परीक्षांना उतरल्यावरच गळपट्टी मिळे. अरुंद गळ्याला लाल, मधल्याला निळी आणि रुंद गळ्याला पिवळी. आमच्या कुळात रंग शोभेसाठी नसतो. रंग हे आमचं माप असतं.

मापाची भाषाही थोडी समजून घ्या. दोऱ्यासारखीच विजेची तारही पुष्कळदा अनेक पेडांची असते. बावीस नंबरच्या तीन पेडांची तार असेल तर वायरमन तिला ‘तीन-बावीस’ म्हणतात. ती घरातल्या दिव्यांना पुरते. तिला लाल लग लागतो. ‘तीन-वीस’ जरा जाड, ती निळ्याची. आणि वीस नंबरच्या सात पेडांची ‘सात-वीस’ ही मोटरची तार. ती माझी. नंबर जितका लहान तितका पेड जाड, हे उलटं वाटेल, पण तसंच आहे.

आम्हा सर्वांना एका पत्र्याच्या डब्यात भरून बहारीनला पाठवलं. तिथे एका तेल कंपनीत महाडजवळच्या तुडीलचा नासिर वायरमन होता. तो रजेवर घरी आला तेव्हा त्याने आमचा डबा मेहुण्यासाठी आणला. त्याचा मेहुणा हैदर महाडात वायरमनचं काम करी. वीज नुकतीच आसपासच्या गावांत पोचत होती आणि हैदरच्या सायकलीला उसंत नव्हती. त्यामुळे दोघांची निवांत गाठ पडली नाही. नासिर परत निघाला त्या दिवशी एस.टी.च्या स्टँडवरच त्याने डबा आणि एक खास पक्कड हैदरच्या हातात ठेवली.

“तार आत घालायची, पक्कडीनं दाबायची आन् ओढून बघायची,” नासिर म्हणाला. “नाय सुटली तर काम झालं.”

“आन् कथलानं झाळायचं?”

“झाळायचं नाय, फुंकायचं नाय. आम्ही तिथं पोत्यानं लावतो.”

“पोत्यानं! नासिर, तू तिथं वायरमन हायस का हमाल?”

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, “ओ बहारीनवाले, चढताय की गाडी सोडू?” नासिर चढला आणि गाडी सुटली. रंगांबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याला ते इतकं रोजचं झालं होतं, की दुसऱ्याला ते ठाऊक नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. मित्रांनो, फार सवयीची गोष्ट सांगायची राहून जाते.

त्याच पावसाळ्यानंतर पोलादपूरच्या आनंदीबाईंनी हैदरला बोलावलं. बाजाराच्या टोकाला त्यांची भाताची गिरणी होती. यजमान गेल्यावर त्यांनी ती स्वतः चालवायला घेतली होती. पट्टा घसरला, चाळण फाटली, दगड आला, सगळं त्या आवाजावरून ओळखत. वाटणीत गिरणीचं तेलावरचं इंजिन धाकट्या दिराकडे, रावजीकडे गेलं. गिरणीचं घर आणि चक्की आनंदीबाईंकडे राहिली. विजेचे खांब आल्यावर त्यांनी पुण्याहून साडेसात घोड्यांच्या ताकदीची मोटर मागवली.

रावजीला हे पटलं नव्हतं. मोटर बसवायच्या दिवशी तो पायरीवर येऊन बसला.

“वहिनी, धूर नाय, आवाज नाय. ह्यानं भात भरडणार?”

“भावोजी, तुम्ही जेवताना आवाज करता म्हणून जास्ती जेवता का?”

भोवतालची माणसं हसली. रावजीही हसला, पण त्याने बोलणं सोडलं नाही. “बरं, शिमग्यापर्यंत बघू. चालली तर गिरणी तुमची, मी परत बोलणार नाय. हंगामात बंद पडली तर किल्ली माझ्याकडं. मी माझं इंजिन आणून बसवतो.”

चार माणसांसमोर झालेलं बोलणं होतं. आनंदीबाईंनी कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाल्या, “चालेल.”

आता मोटरची डबी उघडली गेली. आत तीन पितळी खुंट होते. मोटरला वीज तीन तारांनी येते, त्या तिघींना फेज म्हणतात. कुठली तार कुठली हे कळावं म्हणून वायरमन लोक त्यांना रंग देतात: लाल, पिवळा आणि निळा. हैदरनेही काळ्या रबरी तारांवर त्या तीन रंगांच्या फिती गुंडाळल्या. मग त्याने आमचा डबा उघडला. आतही तेच तीन रंग! पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. हैदर खूश होऊन म्हणाला, “वा, कारखान्यानं माझं कामच करून ठेवलंय.” त्याने लाल फितीच्या तारेला लाल लग, निळीला निळा आणि पिवळीला मला निवडलं.

माझ्या गळ्यात साती पेड सरळ शिरले आणि पक्कडीने दाबल्यावर मी त्यांना घट्ट धरलं. निळ्याच्या गळ्यात तीनच पेड मावले. हैदरने उरलेले चार कापले. लालच्या गळ्यात तर दोन पेड, तेही कानशीने घासून, कसेबसे कोंबले. ओढून पाहिलं तर सुटेनात. “मागं सात हायत ना, टोकाला दोन असले तर काय बिघडतं,” असं तो स्वतःशीच म्हणाला आणि डबी बंद केली.

बिघडतं, मित्रांनो. घाटाचा रस्ता सगळीकडे रुंद असला आणि एकाच मोरीवर अरुंद असला, तरी सगळ्या गाड्या त्या मोरीवरच खोळंबतात. विजेचंही तसंच आहे. सात पेडांतून आलेली वीज दोन पेडांतून जाऊ लागली की ती जागा तापते.

मोटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मोटर सुरू करायचं हँडल वर गेलं. गिरणी इतक्या कमी आवाजात फिरू लागली, की उमरठहून डोक्यावर भात घेऊन आलेली ठकूबाई कानावरचा पदर सारून म्हणाली, “गो आनंदे, चालू केलीस का? मला वाटलं अजून पूजाच चाललीय!”

दिवाळीनंतर हंगाम भरात आला. डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून माणसं सकाळी भात घेऊन उतरत आणि दुपारी तांदूळ घेऊन चढत. आम्ही तिघं डबीत शेजारी शेजारी काम करत होतो. मी मध्ये होतो. लालच्या बाजूची उष्णता मला रोज जाणवे. तो वाईट नव्हता, खोटाही नव्हता. दिव्याच्या तारेसाठी घडवलेल्या त्या लगावर मोटरचं ओझं आलं होतं आणि तो ते मुकाट्याने पेलत होता. प्रत्येक वेळी मोटर सुरू होताना त्याला मोठा झटका बसे. हळूहळू त्याच्या गळ्यातले पेड सैल झाले.

एके सकाळी डबीत जळक्या रबराचा वास सुटला. लालची वाट बंद झाली. तिघांचं काम दोघांवर पडलं आणि मोटर रेड्यासारखी घुमू लागली. पट्टा मंदावला. आनंदीबाई तेव्हा बाहेर अंगणात होत्या. आवाज बदललेला ऐकताच त्या धावत आत आल्या आणि त्यांनी हँडल खाली ओढलं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर मोटरच्या आतली गुंडाळी जळाली असती.

हैदर महाडहून आला. त्याने जळका लाल काढून डब्यातला दुसरा लाल लावला, पहिल्यासारखाच दोन पेडांवर. दुसऱ्या दिवशी दुपारी, हैदर तिथेच असताना, तोही तसाच गेला. यावेळी मोटरच्या अंगाला हात लावणंही कठीण झालं.

“हैदर, मोटर हाय का तापाची म्हातारी?” रावजी पायरीवरून म्हणाला. “रोज औषध लागतंय.”

हैदर हसला नाही. “बाई, आणखी एकदा असं झालं तर गुंडाळी जाईल. पुण्याला न्यावी लागेल. हंगाम संपेपर्यंत परत यायची नाय.”

अंगणात माणसं भाताच्या पाट्या घेऊन ताटकळत होती. रावजी उठला आणि त्याने हात पुढे केला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“वहिनी, लोकांचा भात पडून राहिला. आणा किल्ली.”

आनंदीबाईंनी किल्ली कमरेतून काढली नाही. “दिवेलागणीपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या.

हैदर चिडला होता. त्याने शिस्तीप्रमाणे आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, म्हणजे चुकूनही कुणी वीज चालू करू नये. मग डबी उघडली. “मालच खोटा हाय. नासिरनं बहारीनची माती आणून दिली. सगळे काढून टाकतो आन् पहिल्यासारख्या ताराच नटाखाली गुंडाळतो.”

“थांब रे जरा.” आनंदीबाई पुढे आल्या. तवा तापला का पाहतात तसा त्यांनी बोटांच्या पाठीने आम्हाला एकेकाला स्पर्श केला. लालला लावताच हात झटकला. “हा चटका देतो. निळा कोमट आहे. आणि हा पिवळा अगदी गार. माल खोटा असता तर तिघंही तापले असते. डबा एकच ना?”

“एकच,” हैदर म्हणाला. “पिवळा चांगल्या मुहूर्तावर निघाला असंल.”

मुहूर्ताचा आणि माझा काही संबंध नव्हता, पण मला बोलता येत नव्हतं.

बाहेर ठकूबाई कंटाळून भात मोजू लागली होती. एवढ्यात तिची हाक आली, “आनंदे, तांबड्या चिंधीचं माप दे गो! ह्या हिरव्या चिंधीच्यात कितींदा मोजू? माझं केस पिकलं, आता भात पण पिकंल!”

हे चिंध्यांचं काय ते सांगतो. सरकारचे किलो आले होते, पण डोंगरातलं भात अजून पायली-शेरानेच मोजलं जाई. गिरणीतली मापं वापरून वापरून काळी पडलेली, अंधाऱ्या कोपऱ्यात एकासारखी एक दिसत. म्हणून आनंदीबाईंनी प्रत्येकाच्या कडीला चिंधी बांधली होती. पायलीला तांबडी, अर्ध्या पायलीच्या अधोलीला हिरवी, शेराला पांढरी. माणसं नाव घेत नसत, चिंधीचा रंग सांगत.

आनंदीबाईंनी तांबड्या चिंधीची पायली उचलली आणि दारातच थांबल्या.

“हैदर, तुझ्या या लगांना रंगीत चिंध्या कुणी बांधल्या?”

“कारखान्यानं.”

“कशासाठी?”

“फेजसाठी. लाल फेजला लाल, पिवळ्याला...”

“तू कुठल्या फेजला लावणार हे त्या कारखान्याला काय ठाऊक? आणि कुणी घरच्या दिव्याला लावले तर? तिथे कुठे तीन फेज?”

हैदर पिशवीकडे वळला. त्याने डबा आणला आणि आतल्या माझ्या सगळ्या भावंडांना सुपात ओतलं. मग सात-वीसचा एक तुकडा सोलून घेतला. तो लालच्या तोंडाशीच अडला. दुसरा लाल घेतला, तिसरा घेतला, तोच प्रकार. निळ्यातही शिरेना. पिवळ्यात मात्र सुईत दोरा जावा तसा गेला. मग त्याने पिशवीतून दिव्याची तीन-बावीस काढली. ती पिवळ्यात खुळखुळली आणि लालमध्ये नेमकी बसली. त्याने पक्कड उलटी करून पाहिली. तिच्या जबड्यात तीन खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेपाशी रंगाचा ठिपका: लाल, निळा, पिवळा. खाचाही तशाच वाढत गेलेल्या.

“हे ठिपके मी रोज बघतो,” हैदर हळूच म्हणाला. “मला वाटलं शोभेला हायत.” मग एकदम कपाळावर हात मारून तो हसू लागला. “बाई, मी सदऱ्याचा रंग बघून माणूस निवडला, माप बघितलंच नाय! भेटू दे नासिर. त्याला सांगतो, पोत्यानं लग लावतोस, त्यात एक वाक्य घालायचं राहिलं.”

“हसतोस काय, लाव,” आनंदीबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

हैदरने लाल आणि निळा काढले. तारा मागे कापून पुन्हा साती पेड मोकळे केले. त्या दोन्ही तारांना पिवळे लग घातले, पिवळ्या ठिपक्याच्या खाचेत दाबले आणि ओढून पाहिले. डबीत आता आम्ही तिघं भाऊ पिवळे होतो.

रावजी वाकून बघत होता. “तिन्ही पिवळे? मग आता फेज कसा ओळखणार?”

“फीत हाय ना तारेवर,” हैदर म्हणाला. “तार कुठली ते फीत सांगते. तार केवढी ते गळपट्टी सांगते. मी एकीचं दुसरीच्या तोंडी घातलं, म्हणून घोळ झाला.”

मोटर निवल्यावर हँडल वर गेलं. आवाज एकसारखा होता. आनंदीबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक पाटी रिकामी होत गेली. ठकूबाईने तांदूळ मुठीत घेऊन पाहिला, मान डोलावली आणि दिवस मावळायच्या आत उमरठची वाट धरली.

दिवेलागणीला गिरणी थांबली. हैदरने पुन्हा फ्यूज खिशात टाकले आणि डबी उघडली. आनंदीबाईंनी बोटांच्या पाठीने आम्हाला तिघांना स्पर्श केला. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही बघा.”

रावजीने बिचकत बोट लावलं. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. आम्ही तिघंही गार होतो. किल्लीसाठी पुढे करायचा हात त्याने डोक्याकडे नेला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, “हैदर, माझ्या इंजिनाच्या जागी मोटर बसवायची तर तार कुठली लागंल रे?”

शिमगा आला आणि गेला. किल्ली आनंदीबाईंच्या कमरेलाच राहिली आणि तिचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्या हंगामात माझं फार कौतुक झालं. “हाच तो गार राहिलेला पिवळा,” असं म्हणून हैदर मला लोकांना दाखवी. मला ते थोडं अवघड वाटे. सुरुवातीला मी योग्य जागी बसलो तो केवळ योगायोगाने, कारण त्या तारेची फीत पिवळी होती. माझे दोन भाऊ मात्र मापून, समजून बसवले गेले. योगायोगाने बरोबर ठरलेल्याला पुढच्या वेळी चूक होणार नाही याची खात्री नसते. समजून बरोबर असलेल्याला ती असते. मला विचाराल तर कौतुक त्या दोघांचं व्हायला हवं होतं.

पुढे बरीच वर्षं मी तारेला धरून होतो. मग मोठी मोटर आली, तिला माझ्याहून रुंद गळ्याचे लग लागले आणि मी उतरलो. मी रद्दीत गेलो असतो, पण आनंदीबाईंनी मला आणि त्या जळक्या लालला एका चिंधीत बांधून गिरणीच्या कोनाड्यात ठेवलं. आता आम्ही तिथेच असतो. कोंड्याचा थर बसतो. पाली फिरतात. महिनोन् महिने कुणी विचारत नाही.

पण गिरणीत नवा वायरमन कामाला आला की आनंदीबाई चिंधी सोडतात. आम्हा दोघांना त्याच्या तळहातावर ठेवतात, शेजारी तारेचा तुकडा ठेवतात आणि विचारतात, “या दोघांत फरक काय?” जो नुसतं “रंग” म्हणतो, त्याला त्या चहा देतात, पण हत्यारं उघडू देत नाहीत. जो न बोलता तार उचलतो आणि गळ्यात घालून पाहतो, त्याला काम मिळतं.

मित्रांनो, परवा हैदर आला होता. आता त्याच्या दाढीत पांढरं आहे. मोटरचा पट्टा बदलून झाल्यावर आनंदीबाईंनी कोनाड्याकडे हात नेला.

“बाई, मला बी परीक्षा?” तो म्हणाला.

“तुझी आधी.”

हैदरने हसत तळहात पसरला. जळक्या लालकडे त्याने बराच वेळ पाहिलं, अंगठ्याने त्याच्यावरचा कोंडा पुसला आणि म्हणाला, “ह्याचं काय चुकलं नव्हतं.” मग त्याने तारेचा तुकडा उचलला, पेड मोजले आणि सातीच्या साती माझ्या गळ्यात अलगद सरकवले.

विजेच्या वस्तू तुम्ही मोठ्या माणसांवाचून उघडू नका. पण डोळे मात्र उघडे ठेवा. रंग दिसला की तो काय सांगतो ते विचारा. नुसतं दिसण्यावरून कुणाला जागा देऊ नका, आणि एकाचं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात कोंबू नका. जो आपल्या मापाच्या जागी बसतो तो वर्षानुवर्षं गार राहून काम करतो. माझी गळपट्टी आता मळली आहे, पण तिने आजवर कुणाला खोटं माप सांगितलेलं नाही.